वाळूने राखून ठेवलेली खूण

वाळू धात्रक सातपूरला आला तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. गाव वणीच्या अलीकडे, शिक्षण आठवी. खंडेराव शेठच्या टूलरूममध्ये त्याला पहिली दोन वर्षं नुसती कानस चालवायला दिली. लोखंडाचा तुकडा घ्यायचा, घासून चौकोनी करायचा, काटकोन तपासायचा गुण्या लावून उजेडाकडे धरायचा. फटीतून उजेड दिसला की पुन्हा घासायचा. दोन वर्षांनी उजेड दिसायचा बंद झाला, तेव्हा कुठे त्याला डाय, म्हणजे पोलादी साचे, बनवायच्या कामाला हात लावू दिला.

शिकवणारे गेणू मिस्त्री. त्यांची एक रीत होती आणि तेव्हाच्या सगळ्याच जुन्या माणसांची ती होती. काम पूर्ण शिकवायचं, पण त्यातली एक खूण राखून ठेवायची. शिकणाऱ्याचा हात बसला आणि त्याने आपणहून ‘हे असं का?’ म्हणून विचारलं, की ती सांगायची. नाही विचारलं तर नाही. वाळूने ड्रिलच्या धारेबद्दल ‘का’ विचारायला सात महिने लावले. तोवर एकोणीस ड्रिल मोडले. मिस्त्री विडी ओढत बघत बसले. एकोणिसावा मोडल्यावर वाळूने विचारलं आणि मिस्त्रींनी एका वाक्यात सांगितलं. विसावा ड्रिल वाळूने चार वर्षं वापरला.

शहाण्णव साली शेठने जुनं जपानी वायरकट मशीन घेतलं. केसासारखी बारीक पितळी तार, पाण्याखाली ठिणग्या पाडत कडक पोलादातून आरपार आकार कापते. कुठे वळायचं, किती जायचं हे आकड्यांच्या फाइलमध्ये लिहिलेलं असतं. ती फाइल कॉम्प्युटरवरून केबलने मशीनला पाठवायची. फाइल पाठवायचा प्रोग्राम मशीनसोबत आलेला, तो फक्त डॉसमध्ये चाले. पुढे दोन हजार एकमध्ये ड्रॉइंग काढायचं नवं सॉफ्टवेअर आलं, ते फक्त विंडोजमध्ये चाले. कॉम्प्युटर मात्र एकच.

म्हणजे ड्रॉइंग काढायचं, विंडोज बंद करायचं, डॉस सुरू करायचं, फाइल पाठवायची, डॉस बंद करून पुन्हा विंडोज सुरू व्हायची वाट बघायची, ड्रॉइंग शोधून उघडायचं. एका फेरीला सात मिनिटं. वाळूने मनगटी घड्याळ लावून मोजली होती. दिवसाला अशा बारा फेऱ्या, म्हणजे जवळपास दीड तास माणूस पडद्याकडे बघत उभा. वाळूला याची चीड यायची. काम करून दमलेला माणूस त्याला चाले, उभा राहून दमलेला चालत नसे.

कॉम्प्युटर बसवून गेलेला शरणपूर रोडवरच्या दुकानातला शहजाद होता. वाळू एका सुट्टीच्या दिवशी सायकल मारत त्याच्याकडे गेला.

“चाचा, इतक्या लांब ह्याच्यासाठी आलात?”

“दीड तास रोज जातो. वर्षाचे किती झाले, तू हिशोब कर.”

शहजाद हसला, पण त्याने उपाय सांगितला. विंडोज बंद करायचंच नाही, झोपवायचं. झोपताना ते सगळं जसंच्या तसं डिस्कवर लिहून ठेवतं. मग डॉसची फ्लॉपी घालून बटण दाबायचं, कॉम्प्युटर फ्लॉपीवरून डॉसमध्ये उठतो. काम झालं की फ्लॉपी काढायची, पुन्हा बटण दाबायचं. विंडोज जागं होतं आणि ड्रॉइंग जिथे सोडलं तिथेच उघडं असतं.

“बस, एकच बात लक्षात ठेवा,” शहजाद म्हणाला. “विंडोज झोपलेलं आहे, मेलेलं नाही. ते उठेल तेव्हा त्याला वाटणार, घर मी सोडलं तसंच आहे. तुम्ही डॉसमध्ये असताना डी ड्राइव्हवर, जिथे तुमच्या सगळ्या फाइली आहेत तिथे, काही लिहिलं, म्हणजे झोपलेल्या माणसाच्या घरातलं कपाट हलवलं. तो अंधारात उठून आपल्या सवयीने चालणार आणि सगळं पाडून ठेवणार. लगेच नाही कळायचं. एखादे दिवशी कळेल.”

“मग फाइलीत आकडा बदलायचा असला तर?”

“फ्लॉपीवर बदला. डीवरून फक्त वाचायचं.”

वाळूने पंधरा दिवस सराव केला. डावा हात फ्लॉपीवर, उजवा बटणावर. डिस्कचा दिवा लुकलुकायचा थांबला की पुढचं बोट तयार. एका फेरीला सात मिनिटं लागत, ती पन्नास सेकंदांवर आली. सगळं मिळून बारा पायऱ्या होत्या. त्याने त्या कुठे लिहून ठेवल्या नाहीत. हाताला पाठ होत्या.

दोन हजार दोनच्या उन्हाळ्यात शेठने इंजिनियर ठेवला. ज्ञानेश नाव, वय पंचवीस, इस्त्रीचा शर्ट. एक्कावन्न वर्षांच्या माणसाला त्याने पहिल्या दिवशी हाक मारली ती “ए वाळू” अशी.

“वाळू, ते झटपट कसं करतोस, दाखव रे.”

वाळूने आठ दिवस दाखवलं. कंटाळा न करता, रोज दहादा. शिकवणं हेही काम होतं आणि काम अर्धवट करायची त्याला सवय नव्हती. ज्ञानेश हुशार होता, चार दिवसांत त्याची बोटं चालायला लागली. वाळू त्याच्याकडून एका प्रश्नाची वाट बघत होता. आकडा बदलताना तू दरवेळी फ्लॉपीवरच का जातोस? ज्ञानेशने तो विचारला नाही. विचारला असता तर वाळूने शहजादचं बोलणं शब्दाला शब्द सांगितलं असतं.

नवव्या दिवशी भिंतीवर एक कागद लागला. इंग्रजीत टाइप केलेला, प्लास्टिकमध्ये बंद. अकरा पायऱ्या. खाली ज्ञानेशचं नाव आणि सही. वाळूला अक्षरं लागत, त्याने एकेक पायरी बोटाने मोजली. आकडा फ्लॉपीवरच बदलायची बारावी त्यात नव्हती.

त्याच आठवड्यात पुण्याहून गिऱ्हाइकाची माणसं आली. ज्ञानेशने त्यांच्यासमोर हातातलं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि विंडोजमधून डॉसमध्ये, डॉसमधून विंडोजमध्ये जाऊन दाखवलं. “आधी इथे सात मिनिटं लागायची. मी ही पद्धत बसवली.” पाहुण्यांनी माना हलवल्या. शेठ खूश होऊन हसले. पाहुण्यांतल्या एकाने मशीनजवळ उभ्या असलेल्या वाळूकडे बघून विचारलं, “हे कोण?”

“हेल्पर आहे,” ज्ञानेश म्हणाला. “मशीन पुसतो.”

शेठने ऐकलं. शेठ बत्तीस वर्षं वाळूला ओळखत होते. ते पाहुण्यांना चहाला घेऊन गेले.

सोमवारी वाळूला वायरकटवरून काढून बेंचवर टाकलं. तुकड्यांच्या कडा घासायच्या, भोकं पाडायची. एकोणिसाव्या वर्षी केलेलं काम एक्कावन्नाव्या वर्षी.

घरी त्याने दोन घास खाऊन ताट सरकवलं. सखुबाई बघत होती.

“जेवत का नाय?”

“हेल्पर म्हनला मला. चार मान्सांत.”

“कोन?”

“आलंय एक पोरगं.”

“मंग तुमी काय म्हनले?”

“काय नाय.”

“तुमचं काय नाय म्हंजे लय काय आसतं,” सखुबाई म्हणाली आणि ताट उचलून नेलं.

तिचं बरोबर होतं. वाळूने त्या दिवशी ठरवलं, मशीन परत घ्यायचं आणि ज्याने नेलं त्याला त्या मशीनसमोर उघडा पाडायचा. त्यासाठी काही करायचं नव्हतं. बाराव्या पायरीबद्दल फक्त गप्प बसायचं होतं.

बेंच वायरकटच्या काचेच्या खोलीसमोरच होता. वाळू कडा घासत राही आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत राही. तिसऱ्या आठवड्यात त्याने पाहिलं. विंडोज झोपवलेलं, फ्लॉपीवरून डॉस उठवलेलं आणि ज्ञानेश फाइल उघडून आकडा बदलतो आहे. फ्लॉपी फार हळू लिहिते म्हणून त्याने ती फाइल सरळ डी ड्राइव्हवर ठेवली. मग विंडोज जागं केलं आणि ड्रॉइंगवर काम करू लागला. काही झालं नाही. वाळूला कितीतरी दिवसांनी बरं वाटलं. त्या दिवशी त्याने सगळं जेवण संपवलं.

पुढे ते रोजचंच झालं. एकदा एक ड्रॉइंग उघडेना. ज्ञानेश म्हणाला, “लाइट गेली होती ना मध्ये, त्याने झालं.” त्याने ते पुन्हा काढलं. एकदा दोन फाइलींची नावं विचित्र झाली. त्याने पुसून टाकली. वाळू एकेक मोजत होता. घर पडायला लागलं होतं आणि घरात राहणाऱ्याला भिंतींचा आवाज ऐकू येत नव्हता.

टूलरूममध्ये ग्राइंडिंगवर खाजा होता, वडाळ्याचा. वाळूच्या नंतर दोन वर्षांनी लागलेला. दोघांनी तीस वर्षं एकाच बाकावर डबा खाल्ला होता. खाजा कमी बोले आणि त्याच्या हातून निघालेला तुकडा पुन्हा मोजायची पद्धत कारखान्यात नव्हती.

पुण्याच्या गिऱ्हाइकाची मोठी डाय आली. कडक केलेल्या पोलादाचा ठोकळा, वर बावीस खाचा आणि दोन्ही बाजूंना उतार. खाजाने चाकाला आकार देऊन एकेक खाच काढली. पाणी अंगावर उडत होतं, पाठ वाकलेली, प्रत्येक खाचेनंतर ठोकळा थंड होईपर्यंत थांबायचं आणि मग मोजायचं. नऊ दिवस लागले. मधला दातेरी भाग तेवढा वायरकटवर कापायचा राहिला.

शनिवारी सकाळी आठला खाजा वाळूच्या बेंचपाशी आला. “वाळू, एक बाजू धर जरा. नऊ दिवसांचं बाळंतपण आहे. आपटला तर तुला खाईन.”

वाळूने कानस ठेवली आणि एक बाजू धरली. दोघांनी ठोकळा काचेच्या खोलीत नेऊन मशीनच्या टेबलावर ठेवला. पडद्यावर डॉस होतं. वाळूने फाइलीचं नाव वाचलं. हीच फाइल शुक्रवारी ज्ञानेशने दोनदा बदलून डीवर ठेवली होती आणि दोन्ही वेळा मागे विंडोज झोपलेलं होतं. फाइल मोठी होती, हजारांवर ओळी. वरच्या ओळी बरोबर असतील आणि खालच्या कुणाच्या असतील, हे सांगता येत नव्हतं.

एक वाक्य पुरलं असतं. साहेब, फाइल शेवटपर्यंत वाचा, नाहीतर मशीन आधी ठिणगी न पाडता कोरडं फिरवून बघा.

“ठेवला ना? मग निघा आता,” ज्ञानेश पडद्यावरून नजर न काढता म्हणाला. “गर्दी नको इथे.”

वाळू निघाला. खाजाने जाता जाता ठोकळ्यावरून एकदा फडका फिरवला. वाळूने ते पाहिलं आणि बेंचवर जाऊन कानस उचलली. होऊ दे, असं तो मनात म्हणाला. नंतर कधीही त्याने स्वतःशी ते नाकारलं नाही.

दुपारी तीनपर्यंत तार बरोबर चालली. दातांमागून दात कापत गेली. तीननंतर फाइलीत दुसऱ्याच डायच्या ओळी सुरू झाल्या. मशीनला आकडे मिळत होते, ते त्याप्रमाणे वळलं. तार दातांची रांग सोडून सरळ खाचांच्या दिशेने शिरली. ज्ञानेश तेव्हा ऑफिसात फोनवर होता. खाजा चहा घेऊन आपला ठोकळा बघायला आला आणि काचेपाशी उभा राहिला. मग आत जाऊन त्याने लाल बटण दाबलं. तोवर बावीसपैकी सात खाचा आरपार गेल्या होत्या.

खाजाने ठोकळा पुसला, कापलेल्या रेघेवर नख फिरवलं आणि चहाचा ग्लास धुवायला नळावर गेला.

सोमवारी शेठने शहजादला बोलावलं. तोवर डी ड्राइव्हवरच्या निम्म्या फाइली उघडेनाशा झाल्या होत्या. सगळे काचेच्या खोलीत उभे होते. शहजादने अर्धा तास पाहिलं आणि विचारलं, “विंडोज झोपवून डॉसमधून डीवर कोण लिहीत होतं?”

ज्ञानेश म्हणाला, “मी. पण कागदावर तसं काही...” आणि थांबला. कागदाखाली त्याचीच सही होती.

“असं करायचं नसतं, साहेब. वाळूचाचांना मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्यांनी कधीच केलं नाही. वर्षभर चाललं ना सगळं?”

ते बोलणं खोलीतल्या दोघांनी वेगवेगळं ऐकलं. शेठने ऐकलं, की जाणत्या माणसाला आपण मशीनवरून काढलं. खाजाने ऐकलं, की वाळूला माहीत होतं.

शेठ ज्ञानेशकडे वळले. “ही पद्धत तुम्ही बसवली म्हणाला होता ना? पाहुण्यांसमोर?”

“सर, मी फक्त...”

“कुणी बसवली?”

शेठने पुन्हा विचारलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं त्याला सांगावं लागलं, “वाळूकाकांनी.”

वाळूने ते पूर्ण ऐकून घेतलं. त्याला ते गोड लागलं. त्याच दिवशी मशीन त्याच्याकडे परत आलं आणि ज्ञानेश मालाच्या गाड्या भरून घ्यायच्या कामावर गेला. दिवाळीच्या आधी तो नोकरी सोडून निघून गेला. जायच्या आधी एकदा तो काचेच्या दारात येऊन उभा राहिला होता.

“काका, तुम्ही मला सांगायला हवं होतं.”

“मशीन पुसणाऱ्याने?” वाळू म्हणाला आणि फडका झटकून कामाला लागला.

पण ज्ञानेशचं जाणं पुढचं. त्या सोमवारी संध्याकाळी सायकली काढताना खाजा त्याच्यासमोर येऊन उभा राहिला.

“शहजाद बोलला ते खरं?”

“खरं.”

“शनिवारी ठोकळ्याची एक बाजू तू धरली होती. तेव्हा माहीत होतं?”

वाळूला खोटं बोलता आलं असतं. कोणाला कळलं नसतं. “होतं,” तो म्हणाला. “असं होईलच हे नक्की नव्हतं. पण होऊ शकतं हे माहीत होतं.”

“हं.”

“खाजाभाई, तुझ्याशी काय वैर होतं माझं? त्या पोराशी होतं.”

“मग त्याची नोकरी कापायची. माझे नऊ दिवस कापले तू.”

गिऱ्हाइकाकडून दुसरा ठोकळा आला. खाजाने पुन्हा पहिल्या खाचेपासून सुरुवात केली. रविवारी ओव्हरटाइमला तो एकटाच होता. वाळू सायकल मारत गेला आणि म्हणाला, “उतार तरी मी काढून देतो. पाठ सुटेल तुझी.”

“माझ्या मशीनला हात लावायचा नाही.”

“अरे, मी तुझ्या आधीपासून ग्राइंडिंग...”

“नाही म्हणालो ना.”

वाळू तासभर दाराशी उभा राहिला. चाकाचा आवाज ऐकत राहिला. मग घरी गेला. दुसऱ्याचं काम उभ्याने बघत तासभर थांबायची वेळ त्याच्यावर आयुष्यात पहिल्यांदा आली होती.

दहाव्या दिवशी खाजाने ठोकळा आणला. दुसरी बाजू धरायला त्याने पॅकिंगमधला गोटीराम बोलावला होता. ठोकळा टेबलावर ठेवला, गोटीरामला जायला सांगितलं आणि काचेचं दार लोटून घेतलं.

“वाळू, ऐक. मी शेठला काही सांगितलेलं नाही.”

“मला माहीत आहे.”

“सांगणारही नाही. पण ह्याच्यापुढे माझा एक तुकडा जरी ह्या मशीनवर वाया गेला, तर मी त्याला चूक म्हणणार नाही. शेठला सांगीन, मुद्दाम केलं. आणि त्या शनिवारचंही सांगीन.”

“आणि खरंच चूक झाली तर? माणसाच्या हातून होते.”

“दुसऱ्यांच्या हातून होते,” खाजा म्हणाला. “तुझ्या हातून व्हायची सोय राहिली नाही आता.”

वाळूने तो ठोकळा कापायच्या आधी फाइल पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. मशीन दोनदा कोरडं फिरवलं. तार चालू असेपर्यंत समोरून हलला नाही, चहालाही नाही. संध्याकाळी तुकडा निघाला तेव्हा त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. खाजाने तो मोजला, पेटीत ठेवला आणि पुढचं काम घेतलं.

तेव्हापासून सात वर्षं वाळू रोज अर्धा तास आधी येत होता. पुढे नवा कॉम्प्युटर आला, डॉसचं काम संपलं, फाइल पाठवायला विंडोज झोपवायची-उठवायची गरज राहिली नाही. तरी तो प्रत्येक फाइल शेवटच्या ओळीपर्यंत वाचत राहिला आणि मशीन दोनदा कोरडं फिरवत राहिला. तापात आला, सखुबाईच्या ऑपरेशनच्या दिवशी आला, कारण त्या दिवशी खाजाचा ठोकळा टेबलावर होता आणि तो दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायची त्याची तयारी नव्हती. नवी पोरं शिकायला येत. त्यांना तो सगळं पहिल्याच दिवशी सांगून टाके, कुणी विचारायची वाट न बघता. पोरं म्हणत, वाळूदादा मशीनवर बसले की डोळे झाकून माल पाठवा. वाळूचे डोळे मात्र संध्याकाळी चुरचुरत. डबा दोघे अजून त्याच बाकावर खात, दोन टोकांना बसून.

दोन हजार नऊमध्ये तो निवृत्त झाला. शेठने शाल दिली, नारळ दिला आणि भाषणात सांगितलं, की सात वर्षांत ह्या माणसाने एक तुकडा वाया घालवला नाही, असा हात सातपूर-अंबडमध्ये दुसरा नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. खाजानेही वाजवल्या.

चहाच्या वेळी वाळू त्याच्याकडे गेला.

“चारशे बारा झाले,” खाजा म्हणाला. “तुझ्याकडून गेलेले माझे तुकडे.”

“माझ्या हिशोबाने पण तेवढेच.”

“सगळे बरोबर.”

“मग झालं का आता, खाजाभाई?” वाळूने हात पुढे केला.

खाजाच्या एका हातात चहाचा ग्लास होता आणि दुसऱ्या हातात बिस्कीट. त्याने वाळूच्या हाताकडे पाहिलं, त्यावरच्या जुन्या कापल्याच्या खुणांकडे पाहिलं आणि चहाचा घोट घेतला.

“तू चांगलं काम केलंस,” तो म्हणाला. ग्लास त्याने खाली ठेवला नाही.